हरसूलची शांतता आणि ओस्लोची शांतता

शांतता समितीची बैठक झाली की गावात शांतता नांदते, असा आमच्या प्रशासनाचा ठाम समज आहे. गणपती आला की बैठक. मोहरम आला की बैठक. चौदा एप्रिल आला की दोन बैठका! मधल्या खुर्चीत फौजदार साहेब, आजूबाजूला गावातील प्रतिष्ठित मंडळी, चहा, बिस्किटे आणि शेवटी 'सर्वांनी सहकार्य करावे' हे ठरलेले वाक्य. ज्याच्या घरात चूल पेटलेली नाही त्याला या बैठकीचे निमंत्रण नसते. असलेच तर त्याने मागच्या रांगेत बसायचे असते आणि टाळी वाजवायची असते.

हे आज लिहायचे कारण हरसूल. नाशिकपासून पन्नास-साठ किलोमीटरवरचे, त्र्यंबकेश्वर तालुक्यातले, गुजरातच्या सीमेला लागून असलेल्या पट्ट्यातले हे बाजाराचे गाव. आजूबाजूच्या पाड्यांवर कोकणा, महादेव कोळी, वारली, कातकरी राहतात. भात आणि नागली पिकवतात आणि पीक निघाले की दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर मजुरीला जातात. या गावाचे नाव २०१५ च्या जुलै महिन्यात महाराष्ट्रभर गाजले. एका आदिवासी तरुणाच्या मृत्यूनंतर संताप उसळला, मुस्लिम कुटुंबांची घरे आणि दुकाने जळाली, पोलिसांच्या गोळीबारात एकाचा जीव गेला. त्या आठवड्यात मुंबईच्या वर्तमानपत्रांना हरसूल नकाशात कुठे आहे हे शोधावे लागले. मग जमावबंदी, बंदोबस्त, मंत्र्यांचे दौरे. आणि मग, अर्थातच, शांतता.

ही कसली शांतता? हा प्रश्न ज्याने आयुष्यभर विचारला असा एक माणूस युरोपच्या उत्तर टोकाच्या नॉर्वे नावाच्या देशात होऊन गेला. आमच्या वाचकांपैकी फार थोड्यांनी त्याचे नाव ऐकले असेल. योहान गाल्टुंग. १९३० मध्ये ओस्लोत जन्म, १७ फेब्रुवारी २०२४ रोजी वयाच्या ९३ व्या वर्षी निधन. बाप डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वे जर्मन नाझींच्या टाचेखाली असताना या पोराने आपल्या बापाला अटक होताना पाहिले. तरुणपणी सरकारने सक्तीच्या लष्करी सेवेसाठी बोलावले तेव्हा त्याने बंदूक हाती घेण्यास नकार दिला. त्याऐवजी नागरी सेवा पत्करली, वर्षभर ती केली आणि मग सरकारला म्हणाला, उरलेला काळ शांततेसाठी काम करण्यात घालवू द्या. सरकारने त्याला सहा महिने तुरुंगात टाकले. शांततेचे नोबेल पारितोषिक ज्या शहरात वाटले जाते त्याच शहराचा हा किस्सा, हे ध्यानात ठेवावे!

हा माणूस आधी गणित शिकला, मग समाजशास्त्र. आर्ने नेस हे त्याचे गुरू. ते १९३९ मध्ये, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, ओस्लो विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले होते. या गुरुशिष्यांनी १९५५ मध्ये मिळून एक पुस्तक लिहिले, ते गांधींच्या राजकीय नीतिविचारावर. १९५९ मध्ये गाल्टुंग यांनी इंग्रिड आइदे, मारी होल्मबोए रूगे आदी सहकाऱ्यांसह ओस्लोत शांतता संशोधन संस्था उभी केली. १९६४ मध्ये 'जर्नल ऑफ पीस रिसर्च' हे नियतकालिक काढले. युद्धाचा अभ्यास करणाऱ्या संस्था जगात ढिगाने होत्या. शांततेचाही शास्त्रशुद्ध अभ्यास करता येतो हे जगाने या मंडळींकडून शिकले.

आता १९५९ हे साल आमच्या वाचकांना दुसऱ्या कारणासाठी ठाऊक असले पाहिजे. त्याच वर्षी कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने महाराष्ट्रात भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला. दादासाहेब नाशिक जिल्ह्याचेच, दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचे. हरसूलच्या मजुरांना आजही ज्या दिंडोरीत कामासाठी जावे लागते, तीच दिंडोरी. तिकडे ओस्लोत शांतता म्हणजे काय याची व्याख्या शोधली जात होती आणि इकडे नाशिक-खानदेशात आमची माणसे गायरान आणि पडीक जमीन मागत तुरुंगात जात होती. आमच्या मते ही दोन्ही कामे एकच होती. फक्त एकाची नोंद विद्यापीठात झाली आणि दुसऱ्याची पोलीस ठाण्यात.

गाल्टुंग यांचा खरा गाजलेला निबंध १९६९ सालचा. त्यात त्यांनी साधाच प्रश्न विचारला. एखाद्याने दुसऱ्याला मारले तर आपण त्याला हिंसा म्हणतो. पण ज्या मृत्यूमागे मारणारा हात दिसत नाही, त्याला काय म्हणायचे? त्यांचे उदाहरण क्षयरोगाचे आहे. अठराव्या शतकात क्षयाने माणूस मेला तर तो दैवाचा भाग, कारण उपायच ठाऊक नव्हता. आज औषध असताना, डॉक्टर असताना माणूस क्षयाने मरत असेल, तर ती हिंसा आहे. टाळता येण्यासारखे होते आणि टाळले नाही, हा तिचा पुरावा. या हिंसेला त्यांनी संरचनेतील हिंसा असे नाव दिले. कोणी एक माणूस दोषी नसतो, रचनाच दोषी असते, आणि रचनेवर कधीच गुन्हा नोंदवला जात नाही.

यातून शांततेचेही दोन प्रकार निघाले. दगड थांबले, गोळी थांबली, तर ती नकारात्मक शांतता. रचनेतली हिंसा संपली, माणसाला न्याय मिळाला, तर ती सकारात्मक शांतता. पुढे १९९० मध्ये गाल्टुंग यांनी तिसरी पायरी सांगितली, सांस्कृतिक हिंसेची. धर्म, भाषा, कला, शास्त्र यांपैकी जे जे वापरून मारणे आणि पिळणे योग्य ठरवले जाते ते सांस्कृतिक हिंसेत मोडते.

चळवळीतले आमचे काही मित्र इथे लगेच म्हणतील, हे सांगायला ओस्लोचा गोरा माणूस कशाला हवा? आमच्या बापाने हे आधीच सांगून ठेवले आहे! त्यांचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. सांस्कृतिक हिंसा हा शब्द जन्मण्यापूर्वी ६३ वर्षे, २५ डिसेंबर १९२७ रोजी, महाडला मनुस्मृती जाळली गेली. ती कागद जाळण्याची हौस नव्हती. माणसाला हीन ठरवणे हे पुण्य आहे असे सांगणाऱ्या ग्रंथाला जगासमोर आरोपी म्हणून उभे केले होते. १९३६ च्या 'जातिनिर्मूलन' या भाषणात बाबासाहेबांनी दाखवून दिले की जात ही केवळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांचीच उतरंड लावून केलेली विभागणी आहे. संरचनेतील हिंसा याहून वेगळी काय असते? आणि २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी इशारा दिला की राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता असा अंतर्विरोध आपण घेऊन चाललो आहोत. तो लवकर मिटवला नाही तर ज्यांना विषमतेचे चटके बसतात तेच या लोकशाहीचा डोलारा उडवून देतील. नकारात्मक शांतता का टिकत नाही याचे याहून नेमके निदान आम्हाला दुसरीकडे सापडलेले नाही.

तरीही आम्ही म्हणतो, गाल्टुंग वाचा. ज्यांना 'जात' म्हटले की कान बंद करायची सवय आहे, ती मंडळी 'संरचनेतील हिंसा' म्हटले की वही उघडतात. संयुक्त राष्ट्रांच्या सभेत, विद्यापीठाच्या प्रबंधात, न्यायालयाच्या युक्तिवादात हे हत्यार चालते. हत्यार कुठल्या लोहाराने घडवले हे बघत बसण्यापेक्षा ते आपल्या हातात बसते का ते बघावे.

मात्र डोळे उघडे ठेवून वाचा. नेस आणि गाल्टुंग यांनी संघर्षाची नीती शिकण्यासाठी भारताकडे पाहिले तेव्हा त्यांना दिसले गांधी. उपोषण हे त्यांच्या लेखी अहिंसेचे साधन. पण १९३२ च्या सप्टेंबरमध्ये येरवड्यात जे उपोषण झाले त्याकडे अस्पृश्यांच्या वस्तीतून पाहिले तर काय दिसते? महात्म्याच्या जिवाला काही झाले असते तर खेड्याखेड्यातील महारवाड्यांचे काय झाले असते? बाबासाहेबांनी पुणे करारावर सही केली ती या टांगत्या तलवारीखाली. एका माणसाने स्वतःला यातना दिल्या म्हणून ती कृती आपोआप अहिंसक होत नाही. तिचे ओझे कोणाच्या मानेवर पडते हे पाहावे लागते. गाल्टुंग यांच्याच मोजपट्टीने मोजले तरी येरवड्याच्या उपोषणामागे संरचनेची सारी ताकद उभी होती. त्यांना १९९३ मध्ये जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला. गांधीवाद्यांनी त्यांना आपलेसे केले यात नवल नाही. आम्हीही त्यांना वाचतो, पण आमच्या खिडकीतून.

आणखी एक स्पष्टपणे सांगायला हवे. गाल्टुंग यांनी उतारवयात, २०११-१२ च्या सुमारास, ज्यू समाजाबद्दल काही बेजबाबदार विधाने केली, त्यावर जगभर टीका झाली, आणि ती योग्यच होती. रचनेतली हिंसा ओळखणाऱ्याच्या तोंडीही एखाद्या समाजाविषयीचे जुने विष येऊ शकते. बाबासाहेबांनी राजकारणातील भक्तीला अधोगतीचा मार्ग म्हटले आहे. तो नियम आपल्या पुढाऱ्यांना लागू करायला आपण विसरतो, निदान परक्यांना तरी लागू करू!

आता थोडे वर्तमानपत्राबद्दल, कारण तुम्ही हे वर्तमानपत्रातच वाचत आहात. १९६५ मध्ये गाल्टुंग आणि मारी होल्मबोए रूगे यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. काँगो, क्युबा आणि सायप्रस येथील पेचप्रसंगांच्या बातम्या नॉर्वेच्या चार वर्तमानपत्रांनी कशा दिल्या, हे त्यांनी तपासले. निष्कर्ष असा की घटना अचानक घडली, वाईट घडली, बड्या देशात किंवा बड्या माणसाच्या बाबतीत घडली, तर ती बातमी होते. जे हळूहळू घडते, रोज घडते, गरिबाच्या बाबतीत घडते, ते बातमीच्या चाळणीतून खाली गळून पडते. मारी रूगे या बाईंचे नाव पुष्कळदा गाल्टुंग यांच्या सावलीत झाकले जाते, म्हणून इथे मुद्दाम लिहितो.

ही चाळणी आमच्या ओळखीची आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चार जणांची हत्या झाली. ती महाराष्ट्राच्या मोठ्या वर्तमानपत्रांना दिसायला किती आठवडे लागले, हे वाचक विसरलेले नाहीत. आमची माणसे रस्त्यावर उतरली तेव्हा कुठे ती 'बातमी' झाली, आणि तीसुद्धा दंगलीची बातमी! ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' का काढावा लागला, त्यानंतर 'बहिष्कृत भारत', 'जनता', 'प्रबुद्ध भारत' का काढावे लागले, याचे उत्तर ओस्लोच्या अभ्यासात आहे. बाबासाहेबांना मात्र ते पंचेचाळीस वर्षे आधी कळले होते, आणि त्यासाठी चार वर्तमानपत्रांची कात्रणे मोजावी लागली नव्हती.

हरसूलचेही तसेच. जुलै २०१५ मध्ये आग लागली म्हणून हरसूल छापले गेले. याच त्र्यंबकेश्वर तालुक्यात खरशेत गावाचा शेंद्रीपाडा आहे. तिथल्या बाया डोक्यावर हंडा घेऊन तास नदीवर आडव्या टाकलेल्या लाकडी बल्लीवरून तोल सांभाळत पलीकडे पाण्याला जात. त्याचा फोटो प्रसिद्ध झाला तेव्हा राज्य हळहळले. जानेवारी २०२२ मध्ये तातडीने लोखंडी पूल बसवला गेला. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात तो वाहून गेला. फोटो होता म्हणून पूल आला. ज्या पाड्याचा फोटो निघाला नाही त्या पाड्याची बाई आजही हंडा घेऊन चालत आहे, आणि ती पडली नाही तोपर्यंत ती बातमी नाही.

आणि हा काही कोरडा मुलूख नव्हे. पावसाळ्यात इथे आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडतो. या डोंगरपट्ट्यातले पाणी एकीकडे दमणगंगेतून गुजरातकडे जाते, दुसरीकडे वैतरणेतून मुंबईच्या नळाला येते. मार्च उजाडला की ज्यांच्या डोंगरावर ते पडले त्यांच्या पाड्यावर टँकरची वाट बघायची वेळ येते. गाल्टुंग यांची क्षयरोगाची कसोटी इथे लावा. पाणी नसते तर दैव म्हणता आले असते. पाणी आहे.

महाराष्ट्र सरकारने १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. भांडणे गावातच मिटवा आणि लाखोंचे बक्षीस मिळवा. बांधाची, भाऊबंदकीची भांडणे कोर्टात कुजण्यापेक्षा गावात मिटली तर आम्हालाही आनंदच आहे. पण ज्या गावाला तंटा नसल्याचे बक्षीस हवे असते, त्या गावात ॲट्रॉसिटीची फिर्याद घेऊन उभा राहणारा माणूस बक्षिसाच्या आड येतो आणि साऱ्या गावाचा वैरी ठरतो. तंटा नाही म्हणजे अन्याय नाही, हे समीकरण कोणी मांडले? सरंजामदाराच्या वाड्यासमोर वर्षानुवर्षे एकही तंटा होत नव्हता. तिथे माना खाली होत्या.

नाशिकलाच पाहा. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्याआधी नाशिक अगदी शांत होते! अस्पृश्य देवळाच्या वाटेला जात नव्हते, कोणी त्यांना दगड मारत नव्हते. ते दाराशी येऊन उभे राहिले आणि रामनवमीच्या दिवशी दगड आले. मग शांतता भंग कोणी केली, दार मागणाऱ्याने की दार बंद ठेवणाऱ्याने? पाच वर्षे वाट पाहून, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केले की आपण हिंदू म्हणून मरणार नाही.

नॉर्वेची आरती ओवाळणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. शांततेच्या या देशातही आदिवासी आहेत. सामी त्यांचे नाव, रेनडिअर पाळणारा उत्तरेकडचा मूळनिवासी समाज. शाळांतून त्यांची भाषा काढून घेतली गेली, त्यांना 'नॉर्वेजियन' बनवण्याचे धोरण पिढ्यान् पिढ्या राबवले गेले. १९७० च्या दशकात त्यांच्या आल्टा नदीवर धरण बांधायचे ठरले. मूळ आराखड्यात मासी हे सामींचे गावच बुडणार होते. १९७९ मध्ये सामी तरुण ओस्लोत संसदेसमोर तंबू ठोकून उपोषणाला बसले. जानेवारी १९८१ मध्ये सुमारे सहाशे पोलीस पाठवून निदर्शकांना उचलण्यात आले. धरण झालेच. पण त्या लढ्याच्या पोटातून १९८९ मध्ये सामींची स्वतःची संसद आली आणि १९९० मध्ये आदिवासींच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार क्रमांक १६९ मान्य करणारा नॉर्वे हा पहिला देश ठरला. तरीही गोष्ट संपली नाही. फोसेन भागात सामींच्या चराऊ कुरणांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे परवाने सामींच्या हक्कांचा भंग करणारे ठरवले, तरी चक्क्या फिरत राहिल्या म्हणून २०२३ मध्ये तरुणांना पुन्हा मंत्रालयांच्या दारात बसावे लागले. नोव्हेंबर २०२४ मध्ये नॉर्वेच्या संसदेने त्या जुन्या धोरणाबद्दल सामींची माफी मागितली.

आर्ने नेस यांचेही यात एक प्रकरण आहे. १९७० मध्ये मार्दोला धबधबा वाचवण्यासाठी ते निदर्शकांबरोबर खडकाला साखळदंडाने बांधून घेऊन बसले. निसर्गाला स्वतःचे मोल आहे हा त्यांचा विचार पुढे जगभर गाजला. विचार चांगला. पण तो आमच्याकडे आला की वनखात्याचा साहेब त्याचा अर्थ असा लावतो की झाड राहील, वाघ राहील आणि कोकणा-वारली मात्र अतिक्रमणदार ठरेल! २००६ चा वनहक्क कायदा हा नुसता जमिनीचा कायदा नाही. त्याच्या प्रस्तावनेत या लोकांवर ऐतिहासिक अन्याय झाला अशी सरळ कबुली आहे. त्याची अंमलबजावणी मागत ६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून हजारो शेतकरी मुंबईकडे चालत निघाले. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, दिंडोरीचे आदिवासी त्यात बहुसंख्येने होते. दहावीच्या मुलांना परीक्षेला जाताना त्रास नको म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीतून चालून काढला आणि १२ मार्चला आझाद मैदान गाठले. झेंडा लाल होता, आमचा निळा नव्हता. म्हणून काय झाले? फाटलेल्या टाचा आमच्याच होत्या.

आता पुन्हा हरसूलच्या आगीकडे. ज्यांच्या दुकानांना आग लागली ते मुसलमान काही गडगंज सावकार नव्हेत. बाजारात मीठ-मिरची विकणारी, पिढ्यान् पिढ्या तिथेच राहणारी माणसे. ज्यांच्या हातात काडी होती ते आदिवासीही कुठले सरदार नव्हेत. वर्षभर साठलेला राग होता; तो रचनेवर काढता येत नाही, म्हणून शेजाऱ्यावर निघाला. रचना दिसत नाही, शेजाऱ्याचे दुकान दिसते. अशा रागाला शेजाऱ्याचा पत्ता सांगणारे लोक प्रत्येक तालुक्यात तयार असतात आणि ते कोण आहेत हे वाचकांना आम्ही सांगायला नको.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे जे कारण दिले आहे ते म्हातारा, रोगी आणि प्रेत यांचे नाही. ते रोहिणी नदीच्या पाण्याचे आहे. शाक्य आणि कोलीय यांच्यात पाण्यावरून मारामारी झाली, शाक्य संघाने युद्ध पुकारायचे ठरवले. सिद्धार्थाने विरोध केला. आधी दोष कोणाचा ते तपासा, म्हणाला. दोन माणसे आपली, दोन त्यांची, या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी तंटा सोडवावा. बहुमत विरोधात गेले. त्याने राज्य सोडले, पण युद्धाला हात लावला नाही. ओस्लोची संस्था निघण्यापूर्वी दोन वर्षे, १९५७ मध्ये, हा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

हरसूलच्या शांतता समितीत या पद्धतीने पाच माणसे बसवायला काय हरकत आहे? त्यात पाड्यावरची एक बाई असावी, बाजारातला एक मुसलमान दुकानदार असावा, आणि बौद्ध वस्तीतून कोणी असेल तर त्याने अध्यक्षपद न मागता बसावे. सणाच्या बंदोबस्ताचा विषय शेवटी घ्यावा. पहिल्या बैठकीत वनहक्काचे किती दावे पडून आहेत त्याची यादी मागवावी. दुसरीत रेशनचे धान्य कोणत्या पाड्यावर कोणत्या तारखेला पोहोचले ते विचारावे. तिसरीत द्राक्षबागेच्या मुकादमाने मजुरी कोणाची अडकवली आहे ते नोंदवावे. चहाचा खर्च फौजदार साहेबांनी केला तरी चालेल.